कोपऱ्यातला सांधा

कमळाकर नाना रोह्याला लेकीकडे आले, ते म्हणे चार दिवस हवापालटाला. गणपती झाल्यावर आले होते. नवरात्र आलं नि गेलं, दिवाळीचा कंदील उतरवून माळ्यावर चढवला, तरी नाना इथंच. बरं, राहायचं तर गुमान राहावं की नाही? नाव नको! दर दोन-चार दिवसांनी चहाचा कप खाली ठेवता ठेवता त्यांचं पालुपद ठरलेलं, "आता निघतो गो हौसे. हमरापूरचं घर बंद हाय."

की हौसाच्या काळजाचा ठोका चुकलाच. तिकडं होतं तरी कोण? तिची आई पुतळी जाऊन वर्षं लोटली होती. गणपतीचा कारखाना चुलतभाऊ सखा चालवत होता, तो त्याच्या व्यापात. नाना तिथं जाऊन भिंतींशी बोलणार होते काय? म्हणून ती दरवेळी हातातलं काम टाकून म्हणायची, "ऱ्हावा ना नाना. एवढी काय घाई हाय?" मग नाना "नाय नाय, लेकीच्या घरी किती दिवस बसून खायाचं," असं पुटपुटायचे आणि दुपारच्या जेवणाला हजर असायचे.

हौसाचा नवरा जगन धाटावच्या कंपनीत शिफ्टला जायचा. अबोल माणूस, पण सासऱ्याचं त्याला मनापासून वाटायचं. घरामागची मोरी म्हणजे एक दगड, एक पिंप आणि आडोशाला पत्रा. नानांचे गुडघे पार कामातून गेलेले. एकदा आंघोळीला दगडावर बसले ते उठताच येईना. हाक मारायची तर लाज! शेवटी तांब्या पत्र्यावर वाजवत राहिले, तेव्हा जगन धावला. त्याच संध्याकाळी तो हौसाला म्हणाला, "पडवीचा कोपरा घेऊया. टाइल्स लावू, वर शॉवर लावू. नाना उभ्यानं आंघोळ करतील." हौसाला एवढा आनंद झाला की तिनं त्या दिवशी जगनला दोनदा चहा विचारला. बाथरूम झालं म्हणजे नानांचं जाणं टळलं, असंच तिनं धरून टाकलं.

लादीच्या कामाला खांब गावचा रघू आला. फिकट आकाशी टाइल्स हौसानं स्वतः पेणला जाऊन निवडल्या होत्या. रघूनं त्या ओळंब्यात अशा बसवल्या की नाव ठेवायला जागा नाही. नाना खुर्ची टाकून पडवीत बसलेले, डोळ्यांत तेल घालून. सगळं सुरळीत चाललं होतं. रघूनं पिशवीतून सिलिकॉनची बंदूक काढली आणि तिथं माशी शिंकली.

"हे काय रं?" नानांनी विचारलं.

"सिलिकॉन, नाना. टाइल्सच्या मधल्या रेघांत ग्राउट भरला. पन ह्ये उभे कोपरे आन् भिंत जमिनीला टेकते तो सांधा, तिथं सिलिकॉन मारायचा."

"का? तिथं ग्राउटला काय धाड भरली?"

"ग्राउट दगडागत होतो. भिंत हालली की चिरतो. हा रबरावानी ऱ्हातो, भिंतीबरोबर हालतो."

"भिंत हालते? रोह्यात काय भूकंप होतो काय?"

"मालगाडी जाते ना मागनं. उन्हानं, थंडीनंबी हालते. आपल्याला दिसत नाय."

"जे दिसत नाय ते मला सांगू नको," नाना खुर्चीतून पुढे झुकले. "मला दिसतंय ते सांगतो. ही चकचकीत पट्टी कोपऱ्या-कोपऱ्यात दिसणार. सांधा दिसणार! अरे, सांधा दिसला की काम फुकट गेलं. जन्मभर ह्याच हातांनी सांधे बुजवले रं मी."

आता रघूची पंचाईत झाली. त्याच्या घरचा पाट पिढ्यानपिढ्या नानांच्या कारखान्यात जायचा. आपल्याकडे गणपतीची मूर्ती नुसती विकत आणत नाहीत. घरचा पाट आषाढात कारखान्यात नेऊन द्यायचा, त्याच पाटावर आपली मूर्ती बसते, आणि गणेशचतुर्थीला तो पाट डोक्यावर घेऊन घरी यायचं. ज्यांनी वर्षानुवर्षं घरचा देव घडवला, त्यांच्याशी लादीवाला किती हुज्जत घालणार? त्यानं हौसाकडे पाहिलं. हौसानं नानांकडे पाहिलं. नानांचे डोळे असे लखलखत होते, की तसे तिनं कैक वर्षांत पाहिले नव्हते.

"ग्राउटच भरू दे," ती म्हणाली. "आन् नाना भरतील."

रघूनं बंदूक पिशवीत घातली. "तुमचा शब्द मोडवत नाय नाना. पन काय झालं तर हाक मारा," एवढं मात्र तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हौसा दाराच्या चौकटीला टेकून नुसती बघत राहिली. नानांना खाली बसता येत नव्हतं, म्हणून पाटावर उशी, उशीवर नाना. घमेल्यात ग्राउट कालवलेला. तो बोटावर घेऊन कोपऱ्यात दाबायचा, मग ओल्या फडक्यानं, मग ओल्या कुंचल्यानं, मग नुसत्या अंगठ्यानं. अंगठा वरून खाली येताना नाना श्वास रोखून धरत. हौसाला तो रोखलेला श्वास ओळखीचा होता.

ती थेट हमरापूरच्या पडवीत जाऊन पोचली. श्रावणातले ते दिवस! घरात पाय ठेवायला जागा नाही; फळ्यांवर मूर्ती, माळ्यावर मूर्ती, आईच्या चुलीपाशीसुद्धा मूर्ती. शाडूच्या ओल्या मातीचा वास जेवणालाही यायचा. आई पुतळी माती मळायची, मळता मळता कुणाच्या सुनेचं, कुणाच्या म्हशीचं काहीबाही सांगून सगळ्यांना हसवायची. नाना साच्यातून मूर्तीचे पुढचे-मागचे दोन भाग काढून जोडायचे, सांध्यावर पातळ माती लावून अंगठा फिरवायचे. अंगठा फिरला की सांधा गेलाच! पेणचे व्यापारी यायचे, मूर्ती उजेडात फिरवून फिरवून बघायचे आणि हार मानायचे. आणि सगळ्यांत शेवटी डोळ्यांची आखणी, ती हौसाची. ती कुंचला टेकवायची तेव्हा नाना असेच श्वास रोखून बाजूला उभे राहत. डोळा उतरला की सुस्कारा टाकून म्हणत, "आला गो देव मूर्तीत." बास. एवढ्या एका वाक्यासाठी ती रात्रंदिवस पाठ मोडायची. लग्न होऊन रोह्याला आली आणि कुंचला सुटला तो सुटलाच. पुष्कळदा भाकरी थापता थापता तिला वाटायचं, ते घर, ती गडबड, आईचं ते हसणं, सगळं कुणी उचलून नेलं? आणि इतक्या गुपचूप कसं नेलं?

"बघ गो," नानांनी हाक मारली, तशी ती भानावर आली.

कोपरा खरंच नाहीसा झाला होता. दोन भिंती एकमेकींत विरघळल्यासारख्या. जगननं येऊन हात फिरवला, "कमाल केलीत नाना!" म्हणाला. त्या रात्री नाना दोन भाकऱ्या जास्त जेवले. पुढचे कितीतरी दिवस त्यांनी "निघतो" हा शब्दच काढला नाही. सकाळी शॉवरची धार सुरू व्हायची, आतून नानांचं आरतीचं गुणगुणणं ऐकू यायचं, आणि इकडं चहा गाळताना हौसाचा जीव भांड्यात पडायचा.

पण सुखाला दृष्ट लागायला वेळ लागत नाही. थंडी सरता सरता नानांचं गुणगुणणं थांबलं. पालुपद पुन्हा सुरू झालं, "निघतो आता. खरंच निघतो." या वेळी आवाज निराळा होता, पडलेला. हौसाला वाटलं, माणसाला आपल्या मातीची ओढ लागली असेल. आपण किती दिवस आडवं यायचं? मनावर दगड ठेवून ती एकदा म्हणाली, "बघा नाना. तुमची मर्जी." नानांनी मान हलवली आणि कप उचलून आत ठेवायला गेले. स्वतःचा कप त्यांनी उभ्या जन्मात कधी उचलला नव्हता. हौसाला ते खटकलं, पण तेवढ्यापुरतंच.

मग एके दिवशी नानांच्या खाटेमागची भिंत झटकताना तिच्या हाताला रंगाचे पोपडे लागले. ही भिंत बाथरूमची. तिचा हात जागच्या जागी थबकला. तिनं जाऊन आतला कोपरा निरखून बघितला. वरपासून खालपर्यंत केसाएवढी भेग, आणि खाली, भिंत जमिनीला टेकते तिथं तर नखच आत गेलं.

रघूचं खरं निघालं होतं. पण हौसाला भिंतीची पडलीच नव्हती. तिला धास्ती बसली ती निराळ्याच गोष्टीची. नानांना हे कळलं की संपलं! जन्मभर सांध्याची मिजास केलेला माणूस. आपलं काम फुटलं म्हटल्यावर तो या घरात क्षणभर थांबणार नाही. आधीच पाय निघालाय, त्यात हे. जगनच्या कानावर घालून तिनं रघूला फोन केला. नाना रोज सकाळी न्याहारीनंतर धावीर मंदिराच्या पारावर जाऊन बसायचे, तेवढ्या वेळात सगळं उरकायचं, ताकास तूर लागू द्यायची नाही, असं ठरलं.

रघू आला, पातं घेऊन कोपरा खरवडायला बसला. खरवडलेली भुकटी त्यानं बोटांत चोळली, हुंगली, आणि हसायला लागला.

"ताई, ह्यात माती हाय. शाडू!"

"काय सांगतोस?"

"व्हय. ग्राउट खरखरीत लागला असंल, अंगठ्याखाली गुळगुळीत होईना, म्हणून नानांनी शाडू घातला ह्यात. मग काय! पाणी लागलं की माती भुसभुशीत, आन् चिरली."

हौसाला हसू फुटलं आणि त्याच हसण्यात डोळे भरून आले. हमरापूरहून येताना नानांनी शाडूची पुडी आणली होती आणि ती कुणाला न सांगता घमेल्यात रिकामी केली होती! दुसऱ्या कुणाला सुचलं असतं काय हे?

रघू मात्र हसायचा थांबला होता. त्यानं सांध्यात बोट घातलं, पातं खोल फिरवून बघितलं.

"पन ताई, ह्ये आतनं कोरडंठाक हाय. मला वाटलं आठ-पंधरा दिस सुकवायला लागंल. हितं बरेच दिस पाणीच लागलेलं नाय. तो पलीकडचा ओलीचा डाग जुना."

"असं कसं? नाना रोज आंघोळ करतात. आताच करून गेले. शॉवरचा आवाज मी रोज ऐकते."

रघू बाजूला सरकला. हौसानं भिंतीला हात लावून बघितला. कोरडी. दाराजवळची जमीन तेवढी ओली होती, आणि तिथं भिंतीशी बादली उपडी घातलेली, तिच्यावर तांब्या. नळाच्या बाजूला टाइल्सवर बोटांचे डाग होते, कुणीतरी धरून धरून उठल्याचे.

तिला सगळं लख्ख दिसलं. नाना शॉवर बादलीत सोडत होते. आवाज बाहेर जावा म्हणून. मग तो बंद करून, कोपऱ्यापासून जितकं लांब होता येईल तितकं होऊन, दाराशी जमिनीवर बसून तांब्यानं अंगावर पाणी घेत होते. त्या गुडघ्यांनी! जे बसणं-उठणं टाळायला हे सगळं बांधलं, तेच बसणं-उठणं म्हातारा रोज सोसत होता, आणि बाहेर येऊन तोंड हसरं ठेवत होता. भेग त्यांनी तिच्या कितीतरी आधी बघितली होती.

तळपायाची आग मस्तकात गेली हौसाच्या. कुणावर रागवावं तेच कळेना.

तेवढ्यात पडवीत चप्पल वाजली. नाना लवकर परतले होते. ते बाथरूमच्या दारात आले, खरवडलेला कोपरा बघितला, रघूच्या हातातलं पातं बघितलं. नानांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. ते तसेच मागे फिरले, खाटेवर जाऊन बसले आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "उद्याच्या गाडीनं जातो मी."

हौसा उत्तर द्यायला गेली आणि तिला हुंदका आवरेना, म्हणून ती चुलीकडे निघून गेली. रघूनं खाली मान घालून कोपऱ्यांत सिलिकॉन भरला, साबणाच्या पाण्यात बोट बुडवून ते वरून खाली फिरवलं. "उद्या संध्याकाळपर्यंत पाणी लावू नका ताई," असं हळू आवाजात सांगून तो गेला. रात्री जगननं सासऱ्याला जेवायला बोलावलं. नाना दोन घास खाऊन उठले.

सकाळी हौसानं पहिलं काम केलं ते पाणी तापत ठेवलं. मागच्या दारी ऊन आलं होतं. तिनं प्लास्टिकची खुर्ची तिथं, शेवग्याखाली, नेऊन ठेवली. बादली ओढत आणली. आणि आत येऊन नानांना म्हणाली, "चला. आंघोळ."

"मी हात-पाय धुऊन जातो. गाडी..."

"चला म्हणते ना!"

असा तिचा आवाज नानांनी कधी ऐकला नव्हता. ते मुकाट्यानं पंचा नेसून आले. खुर्चीवर बसले, तिच्याकडे पाठ करून. हौसानं तांब्या भरून त्यांच्या खांद्यावर ओतला. पाठ किती बारीक झाली होती! पोर असताना ती या पाठीवर बसून पेणच्या बाजारातून घरी यायची. तिनं साबण लावला, हातानंच पाठ चोळायला लागली. ती काही विचारणार नव्हती. विचारलं असतं तर ते बोललेच नसते.

पाठ चोळून होत आली तेव्हा नाना बोलायला लागले. समोर बघत.

"तिकडंबी असंच झालं गो."

"कुठं?"

"सखाच्या कारखान्यात. गेल्या हंगामात. मी जोडलेल्या मूर्ती सुकताना सांध्यातच फुटल्या. फळीच्या फळी. आंगठ्याला आता मातीची वल कळत नाय. सखा चांगला हाय, वाकडं बोलला नाय. 'नाना, आता तुमी बसा,' एवढंच म्हणाला. मग कुणी काय विचारीनाच. मूर्ती न्यायला माणसं यायची, माझ्या अंगावरनं जायची."

हौसाचे हात थांबले. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"हितं कोपरा फुटलेला बघितला आन् मला वाटलं, झालं. आता जावईबी म्हणतील, नाना, आता तुमी बसा. म्हणून पाणी लावलं नाय मी त्याला. म्हटलं, भिजला नाय तर कुणाला कळायचं नाय."

"आन् गुडघे?"

"गुडघ्यांचं काय एवढं."

"रोज जातो जातो म्हणायचा ते?"

नानांनी मागच्या रुळांवरून जाणारी मालगाडी पुरती निघून जाऊ दिली. मग पाठ न वळवता, अगदी बारीक आवाजात म्हणाले, "तू 'ऱ्हावा' म्हणायचीस. ते ऐकायला बरं वाटायचं. मग तू म्हणायची बंद झालीस."

हौसाला त्या पाठीवर डोकं टेकून मोठ्यानं रडावंसं वाटलं.

"मला जायाचं नाय गो हौसे," नाना म्हणाले. "मला तिकडं जायाचंच नाय."

तिनं डोळे बाहीला पुसले, बादलीत हात घालून पाणी बघितलं आणि तांब्या काठोकाठ भरला.

"मान खाली करा नाना," ती म्हणाली, "डोक्यावरनं ओतते."